कॅम्पर व्हॅनचे वायरिंग आणि सोलर पॅनेल: नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल असे काम कसे करून घ्यावे?

पेंचची_वाट

नमस्कार. आम्ही एक जुनी तेरा आसनी ट्रॅव्हलर घेतली असून हिंगण्याच्या बाजूला एका कारखान्यात तिच्या आतील सुतारकाम सुरू आहे. पुढच्या पंधरवड्यात भिंतींवर प्लाय बसेल आणि त्याआधी वायरिंग पूर्ण व्हायला हवे. एकदा प्लाय बसला की आतली वायर बदलणे म्हणजे सगळे उघडणे आले, म्हणून घाईने येथे विचारत आहे.

दोन जणांकडून अंदाज घेतले. घरगुती काम करणारे एक वायरमन म्हणाले की, घराला घालतो तशीच दीड आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर पट्टीतून नेऊ, चार एमसीबी (जास्त प्रवाह गेला की वीज तोडणारे स्विच) लावू आणि दोन दिवसांत काम संपवू. दुसरे सोलरच्या दुकानातील गृहस्थ. त्यांनी घराच्या छतावर लावतात तसे ५४० वॉटचे एकच मोठे पॅनेल, १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर (पाणी घालावी लागणारी लेड-ॲसिड) बॅटरी आणि इन्व्हर्टर सुचवला. दोघेही सज्जन वाटले, परंतु गाडीचे काम दोघांनीही पूर्वी केलेले नव्हते.

माझी खरी गरज सांगते. आईला इन्सुलिन लागते आणि तिला पेंच, नवेगाव, चिखलदरा पुन्हा एकदा पाहायचे आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवे आणि गोठताही कामा नये. त्यामुळे दिवे किंवा पंखा एखाद्या रात्री बंद पडले तरी चालेल, फ्रीज बंद पडून चालणार नाही. किती वॉटचे पॅनेल घ्यावे, कोणती बॅटरी घ्यावी आणि हे काम नेमके कोणाकडून करून घ्यावे?

उन्हाचा_हिशोब

ताई, पॅनेल किती हा प्रश्न शेवटचा ठेवा. आधी चोवीस तासांत किती वीज लागेल ते कागदावर मांडा, म्हणजे बाकीचे आकडे आपोआप ठरत जातील.

१२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज साधारण ४५ वॉट घेतो. थंडीत तो तासातून वीस मिनिटे चालेल, पण आपल्याकडच्या मे महिन्यात त्याला निम्म्याहून अधिक वेळ चालावे लागते. ६० टक्के वेळ धरला तर दिवसाला सुमारे ६५० वॉट-अवर होतात. ३० वॉटचे दोन पंखे दहा तास चालवले की ६००, दिव्यांचे ८०, मोबाइल आणि लॅपटॉपचे १५०, पाण्याच्या पंपाचे २०. एकूण १५०० वॉट-अवर, म्हणजे रोजचे दीड युनिट.

आता उत्पन्नाची बाजू पाहू. नागपुरात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ५ तासांच्या पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते. ४०० वॉटचे पॅनेल गुणिले ५, त्यातून उष्णता, धूळ, वायर आणि कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत भरणारे यंत्र) यांची तूट म्हणून ३० टक्के वजा केले की १४०० वॉट-अवर उरतात. म्हणजे ४०० वॉट जेमतेम पुरतात, उन्हाळ्यात थोडे अधिक मिळते आणि श्रावणात बरेच कमी. इंडक्शन शेगडी या हिशोबात बसत नाही. १२०० वॉटवर तासभर स्वयंपाक केला तर फ्रीजची दोन दिवसांची वीज त्यातच गेली.

पॅनेलवर छापलेले वॉट हे पेशींचे तापमान २५ अंश असतानाचे असतात. मे महिन्यातल्या दुपारी त्याच पेशी ६५ ते ७० अंशांवर जातात आणि प्रत्येक वाढत्या अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. त्यामुळे ४०० वॉटचे पॅनेल भर उन्हात ३४० वॉट देत असेल तर ते बिघडले आहे असे समजू नका.

गॅरेज_वर्धारोड

मी बावीस वर्षांपासून गाड्यांचे इलेक्ट्रिक काम करतो. त्या वायरमन भाऊंना दोष देत नाही, परंतु घर आणि गाडी यांत मोठा फरक आहे. घर जागचे हलत नाही आणि गाडी चालू असेपर्यंत थरथरत असते. घरगुती एकतारी वायर या थरथरीने आतल्या आत तुटते आणि बाहेरून दिसतही नाही. गाडीत अनेक बारीक तारांची लवचिक वायरच घालावी. जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत येथे मुळीच चालत नाही. प्रत्येक टोकाला योग्य मापाचे थिंबल (बोल्टला अडकवायची धातूची कडी), तेही पकडीने चेपलेले नव्हे तर क्रिम्पिंगच्या यंत्राने पंच केलेले असावे. पत्र्याच्या प्रत्येक छिद्रात रबरी ग्रोमेट आणि दर फूटभर अंतरावर क्लॅम्प हवा.

दुसरे, एसीचे, म्हणजे घरच्या २३० व्होल्टच्या विजेचे एमसीबी डीसीला, म्हणजे बॅटरी-पॅनेलच्या विजेला लावू नयेत. आपल्या घरातील वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे एमसीबी उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसीत ती शून्यावर येतच नाही आणि ठिणगीची कमान तशीच जळत राहू शकते. डीसीसाठी छापील डीसी व्होल्टेज असलेला ब्रेकर किंवा फ्यूजच घ्यावा.

कळमेश्वरचा_संत्रावाला

माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या शेतातल्या घरी नऊ वर्षांपासून सोलर आहे आणि ट्यूब्युलर बॅटरी आजही दुसरीच चालू आहे. लिथियमचे नाव सगळे घेतात, पण आपल्या उन्हात ती टिकते का? ट्यूब्युलरमध्ये पाणी भरायचे आणि विसरून जायचे. गावातला कोणीही मेकॅनिक ती दुरुस्त करतो. लिथियम बंद पडली तर भर जंगलात कोणाला विचारणार?

उन्हाचा_हिशोब

@कळमेश्वरचा_संत्रावाला, आपला अनुभव खरा आहे आणि शेतघरासाठी मीही ट्यूब्युलरच सुचवीन, कारण तेथे ती सावलीत, जमिनीवर आणि मोकळ्या हवेत असते. गाडीत तीन अडचणी येतात. १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर पन्नास किलोंच्या वर जाते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि आयुष्य टिकवायचे तर तिची निम्मीच क्षमता वापरावी लागते. म्हणजे छापील १८०० वॉट-अवरपैकी ९०० हाती येतात आणि ताईंची गरज १५०० ची आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची बॅटरी २५६० वॉट-अवर साठवते, त्यातील ८० टक्के निर्धास्त वापरता येतात आणि वजन निम्म्याहून कमी असते.

मात्र उन्हाची शंका आपण अगदी योग्य जागी घेतली. लेड-ॲसिडचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना जवळपास निम्मे होते, पण ती चालू राहते. लिथियम बॅटरीतील बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट) मात्र ठरावीक तापमानावर चार्जिंगच तोडते आणि बहुतेक उत्पादक ही मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान देतात. काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी मे महिन्यात ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणजे छतावर भरपूर ऊन असते आणि बॅटरी ते घेत नाही. म्हणून बॅटरी कोणती यापेक्षा ती कोठे ठेवता हे आपल्याकडे अधिक महत्त्वाचे ठरते.

ताडोबा_परत_परत

बॅटरीच्या जागेबद्दल आणि फ्यूजबद्दल स्वतःचा अनुभव सांगतो.

मागच्या वर्षी उमरेड सोडून भिवापूरकडे निघालो होतो. मागच्या बाकाखालून रबर जळल्यासारखा वास येऊ लागला. पहिल्यांदा वाटले की समोरच्या ट्रकचे ब्रेक असतील. मग पत्नीच्या पायाशी पांढरा धूर दिसला. गाडी बाजूला घेऊन बाक उचलला, तर बॅटरीकडून इन्व्हर्टरकडे जाणारी लाल केबल बाकाच्या लोखंडी अँगलवर घासून उघडी पडलेली होती आणि त्या जागी तांब्याच्या तारा लालभडक झालेल्या होत्या. मुख्य फ्यूज होता, पण तो इन्व्हर्टरजवळ बसवलेला होता! बॅटरीपासून त्या जागेपर्यंतची दीड मीटर केबल पूर्णपणे बिनसंरक्षण होती. दहा नंबरचा पाना दाराच्या कप्प्यात होता म्हणून निगेटिव्हचा नट सोडवता आला. टर्मिनल एवढे तापलेले होते की ओला रुमाल गुंडाळून हात लावावा लागला. ज्यांनी काम केले होते त्यांचे नाव घेत नाही, त्यांनी नंतर स्वतः येऊन सगळे नीट करून दिले.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत. फ्यूज उपकरणासाठी नसतो, तो वायरला वाचवण्यासाठी असतो.

कामठी_लाइन

वरील प्रतिसादातले शेवटचे वाक्य कारखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

गॅरेज_वर्धारोड

@ताडोबा_परत_परत, आपण थोडक्यात वाचलात. लिथियम बॅटरीच्या शॉर्ट सर्किटमध्ये हजारो अँपिअर वाहू शकतात, म्हणून स्वस्त काचेचा किंवा गाडीतला पातीचा फ्यूज मुख्य जागी लावू नये, तो फुटूनही ठिणगी चालू राहते. तेथे क्लास टी प्रकारचा, एवढा मोठा प्रवाहही पूर्ण तोडणारा फ्यूज घ्यावा. सीताबर्डीत नेहमी मिळेलच असे नाही, मागवावा लागला तर आठ दिवस थांबा, पण दुसरे काही लावून काम उरकू नका.

वायरच्या जाडीबद्दलही एक गोष्ट लिहितो, कारण ताईंचा सगळा प्रश्न फ्रीजचा आहे. माझ्याकडे एक गाडी आली होती. तक्रार अशी की बॅटरी भरलेली असूनही फ्रीज पहाटे बंद पडतो. मालकांनी दोनदा फ्रीज बदलून पाहिला होता. मी मीटर लावला. बॅटरीवर १२.९ व्होल्ट, फ्रीजच्या सॉकेटवर कॉम्प्रेसर चालू असताना ११.८. वायर १ चौरस मिलिमीटरची आणि अंतर सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. ५ अँपिअरला एवढ्या लांबीत एक व्होल्टच्या वर गळतो. सुरू होताना कॉम्प्रेसर याहून जास्त ओढतो, त्या क्षणी व्होल्टेज आणखी खाली येते आणि फ्रीज स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. सहा चौरस मिलिमीटरची वायर टाकली आणि तोच फ्रीज आजतागायत चालू आहे. सहाच्या वायरीत तीच गळती ०.२ व्होल्टच्या आत येते. एक व्होल्ट २३० मध्ये कोणाला जाणवत नाही, १२ मध्ये तो आठ टक्के असतो. म्हणून फ्रीजची वायर स्वतंत्र, सहाची आणि मध्ये कोणताही जोड नसलेली टाका.

उन्हाचा_हिशोब

यात उष्णतेची एक भर घालतो. साध्या पीव्हीसी वायरची अँपिअर-क्षमता तक्त्यात ३० अंश हवेसाठी दिलेली असते. ५० अंशांत ती सुमारे ७१ टक्के उरते आणि ६० अंशांत निम्मी. प्लायच्या मागे, पत्र्याला लागून मे महिन्यात ६० अंश होणे अवघड नाही. म्हणून तक्त्यात जे माप बसते त्याच्या वरचे माप घ्यावे आणि छताजवळून वायर नेणे टाळावे.

धरमपेठचे_काका

वीज वितरणाच्या कामात आयुष्य गेले, म्हणून २३० व्होल्टच्या बाजूबद्दल लिहितो. येथे सगळ्यांनी १२ व्होल्टचीच चर्चा केली आहे, परंतु १२ व्होल्टमुळे आग लागते आणि २३० व्होल्टमुळे माणूस दगावतो, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच गांभीर्याने घ्याव्यात.

आपण एखाद्या विश्रामगृहाच्या किंवा ढाब्याच्या आवारात गाडी उभी करून बाहेरच्या सॉकेटमधून वीज घेता. त्या सॉकेटला अर्थिंग असेल याची खात्री नसते आणि कित्येक ठिकाणी फेज-न्यूट्रलही उलटे असतात. समजा गाडीतल्या एखाद्या उपकरणाची फेज पत्र्याला लागली. गाडी रबरी टायरांवर उभी असते, त्यामुळे तो वीजप्रवाह जमिनीत जात नाही आणि आतल्या माणसाला काही कळत नाही. संपूर्ण गाडीच फेज होऊन बसते. मग कोणी ओल्या मातीवर अनवाणी उभे राहून दाराच्या कडीला हात लावते आणि वाट त्या व्यक्तीच्या शरीरातून मिळते. ताई, आपल्या आई पायरीवरून उतरताना नेमका हाच कडीचा आधार घेतील.

म्हणून बाहेरची वीज आत येते त्या पहिल्याच जागी ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच तोडणारा ब्रेकर, आणि त्याला जोडून दोन पोलचाच एमसीबी लावावा. एक पोलचा एमसीबी घेतला आणि सॉकेट उलटे असले, तर तो फक्त न्यूट्रल तोडतो आणि फेज तशीच आत राहते. गाडीची अर्थ वायर चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) स्वच्छ खरवडलेल्या धातूला बोल्टने घट्ट जोडावी. प्रत्येक प्रवासाआधी वीज जोडून आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. इन्व्हर्टर आणि बाहेरची वीज एकाच वेळी एकाच सॉकेटवर येणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच हवा, तेथे दोन एमसीबी ठेवून आठवणीवर विसंबून राहू नये.

पेंचची_वाट

काका, कडीचे वाक्य वाचून मी कारखान्यात फोन केला आणि २३० व्होल्टचे काम थांबवायला सांगितले. आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

सगळ्यांना आणखी एक विचारते. पॅनेल छतावर कायमचे बसवले की गाडी उन्हात ठेवावी लागणार. आपल्याकडे तर एप्रिल-मेमध्ये प्रत्येक जण कडुलिंबाची सावली शोधत असतो. मग ऊन की सावली?

ताडोबा_परत_परत

आमच्यात याच मुद्द्यावर दर सुट्टीत मतभेद होत. आता २०० वॉट छतावर आणि २०० वॉट सुटे असे केले आहे. गाडी झाडाखाली आणि सुटे पॅनेल दहा मीटर लांब वायरीने उन्हात. एकच काळजी घ्यावी लागते, माकडे आणि येणारी-जाणारी मंडळी यांच्यामुळे सुट्या पॅनेलजवळ कोणीतरी थांबावे लागते.

उन्हाचा_हिशोब

मी याच्या विरुद्ध बाजूने लिहितो. ताईंच्या गाडीत वृद्ध आई आहेत आणि कोणी बाहेर पॅनेलची राखण करत बसावे ही अपेक्षा बरोबर नाही. चारशेही वॉट छतावरच बसवावेत, पण पत्र्याला चिकटवू नयेत. चार ते पाच सेंटीमीटरची मोकळी फट ठेवली की पॅनेलखालून हवा खेळते, पॅनेल थोडे थंड राहते आणि त्याच वेळी पॅनेलची सावली पत्र्यावर पडून छत दुहेरी होते. ज्यांनी मंगलोरी कौलांचे आणि सिमेंटच्या पत्र्याचे अशा दोन्ही घरांत उन्हाळा काढला आहे, त्यांना या फटीचे मोल सांगायला नको.

तिरके करण्याची यंत्रणाही उन्हाळ्यासाठी नको. नागपूर २१ अंश अक्षांशावर असल्याने मेच्या शेवटी आणि पुन्हा जुलैच्या मध्याला दुपारचा सूर्य जवळपास थेट डोक्यावर येतो. आडवे पॅनेल त्या काळात उत्तमच काम करते. डिसेंबरात सूर्य मध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो आणि आडव्या पॅनेलला थेट उन्हाचा सुमारे ७० टक्के भाग मिळतो, परंतु तेव्हा पंखे बंद असतात आणि फ्रीजही कमी चालतो.

त्या दुकानदारांच्या ५४० वॉटच्या एकाच पॅनेलला माझा विरोध आहे. ते सव्वादोन मीटरहून लांब असते, छतावरचे हवेचे झरोके झाकते आणि झाडाची एक फांदी आडवी आली तरी त्याचा मोठा भाग मरतो. २०० वॉटची दोन पॅनेल समांतर जोडा. एकावर सावली आली तरी दुसरे पूर्ण देते. चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा), ४० अँपिअरचा घ्या.

गॅरेज_वर्धारोड

पॅनेल बसवताना वाऱ्याचा जोर लक्षात घ्या. समृद्धीवर गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल तर वाऱ्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरला ४५ किलोंच्या वर जातो. नुसत्या चिकटवणाऱ्या पेस्टवर भरवसा ठेवू नये. शक्य तेथे छताच्या मूळ पन्हाळीला क्लॅम्प लावावेत, छिद्र पाडावेच लागले तर कापलेल्या कडेला आधी रंग, मग पॉलियुरेथेन सीलंट, आणि केबल आत घेण्याची पेटी गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून.

इंजिनकडून चार्जिंगही घ्या, पावसाळ्यात तेच उपयोगी पडेल. मात्र अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे वीज बनवणारे यंत्र) थेट लिथियमला जोडू नका. ती बॅटरी इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये प्रवाहावर मर्यादा ठेवणारा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर हवा. तीन तासांच्या प्रवासात हजाराहून अधिक वॉट-अवर परत येतात.

कळमेश्वरचा_संत्रावाला

बॅटरीबाबत माझे मत बदलले, हे मोकळेपणाने सांगतो. पण मग ती ठेवायची कोठे, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. आणि एक सूचना: पंख्यांऐवजी १२ व्होल्टचा छोटा कूलर लावावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यासारखे दुसरे काही नाही. आम्ही त्यात वाळा भरतो.

उन्हाचा_हिशोब

कूलरची सूचना चांगली आहे. पंखा आणि पंप मिळून साधारण ६० वॉट, म्हणजे दोन पंख्यांच्याच हिशोबात तो बसतो. फक्त त्याचे पाणी इलेक्ट्रिक कपाटापासून दूर आणि खालच्या पातळीवर हवे.

बॅटरीची जागा: गाडीच्या आत, जमिनीलगत, मागच्या बाकाखाली, पण खालून सायलेन्सर जात नाही ना हे वाकून पाहून. पेटीच्या बाहेरच्या बाजूला उष्णतारोधक थर आणि आतल्या बाजूला जाळी, म्हणजे ती गाडीतलीच हवा घेईल. कूलर चालू असताना बॅटरीलाही त्याचा लाभ मिळतो. कंट्रोलर आणि इन्व्हर्टर त्याच पेटीत कोंबू नका, ते स्वतः उष्णता सोडतात.

धरमपेठचे_काका

एक कायदेशीर बाब राहिली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा आहेत. आसने काढून कॅम्पर करताना आरटीओकडे नोंद आणि प्रमाणपत्राचे काम आधी विचारून घ्यावे. उद्या दुर्दैवाने आग लागली तर विमा कंपनी पहिला कागद हाच मागेल.

पेंचची_वाट

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. आरटीओची विचारणा करून कागद मार्गी लावले. कोणाकडून काम करावे या माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे निघाले की एकाकडून नाही. १२ व्होल्टचे सर्व काम गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडून केले आणि २३० व्होल्टचे त्याच घरगुती वायरमन भाऊंकडून, काकांचा प्रतिसाद छापून त्यांच्या हाती देऊन. त्यांनी तो दोनदा वाचला आणि दोन पोलचे एमसीबी स्वतः जाऊन बदलून आणले. प्लाय बसण्याआधी प्रत्येक वायरीचा फोटो घेतला आणि दोन्ही टोकांना क्रमांक लावले.

काल दुपारी बाहेर ४३ अंश असताना गाडी मुद्दाम उन्हात उभी केली, कूलर आणि फ्रीज चालू ठेवले आणि तीन वाजता मोजमाप घेतले. पॅनेलकडून ३१० वॉट येत होते. बॅटरीच्या पेटीत ३९ अंश होते. फ्रीजच्या सॉकेटवर कॉम्प्रेसर चालू असताना १३.१ व्होल्ट आणि बॅटरीवर १३.३. मुख्य फ्यूजच्या दोन्ही थिंबलना हाताची मागची बाजू लावून पाहिली, दोन्ही शेजारच्या पत्र्याहून गरम नव्हती. फ्रीजमध्ये आईच्या इन्सुलिनच्या डब्याशेजारी ठेवलेला तापमापक ५ वर होता आणि रात्रभर तेथेच राहिला.

पहिला मुक्काम पेंचच्या सिल्लारीला करणार आहोत. पॅनेलवरची धूळ रोज पुसावी लागते का?

ताडोबा_परत_परत

उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुसली तरी पुरते, पण पहाटे. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. आणि आईंना आमचा नमस्कार सांगा.

गॅरेज_वर्धारोड

ताई, पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर गाडी घेऊन या. थिंबलचे सगळे नट एकदा पुन्हा आवळावे लागतात, थरथरीने ते थोडे बसतात. अर्ध्या तासाचे काम आहे.